“बँकेचे ग्राहक आहेत”: नाशिकमधल्या एका उपचारगटाचं प्रकरण

गटोपचार म्हणजे सात-आठ जणांनी प्रशिक्षित माणसासोबत एकत्र बसून, एकमेकांशी बोलून घ्यायचा मानसिक उपचार. त्याची चौकशी करायला फोन येतो तेव्हा पहिला प्रश्न फीचा नसतो. ‘तिथे ओळखीचं कुणी निघालं तर?’ हा असतो. नाशिकमध्ये तो रास्तच म्हणायला हवा. शहर पाथर्डी फाट्याकडे आणि म्हसरूळच्या बाजूला कितीही पसरलं, तरी दोन अनोळखी नाशिककर पाच मिनिटं बोलले की आडनाव, मूळ गाव आणि मुलांची शाळा या तीन प्रश्नांत कुठेतरी धागा जुळतोच. म्हणून ‘काळजी करू नका, सगळं गुप्त राहतं’ एवढं सांगून मी फोन ठेवत नाही. ओळख निघू शकते. निघाली तर काय होतं, ते या प्रकरणात आहे.

माणसांचे व्यवसाय, वयं, गावं बदलली आहेत आणि दोन वेगळ्या गटांतले प्रसंग एकत्र आणले आहेत. संवाद आठवणीतून लिहिले आहेत, कारण सत्राचं रेकॉर्डिंग आम्ही करत नाही. नावं मुद्दामच दिलेली नाहीत. गटात जी हाक मारली जायची तीच इथे वापरली आहे.

गट आणि माणसं

कॉलेज रोडजवळच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आमची खोली आहे. खाली पॅथॉलॉजी लॅब. या लॅबचे आमच्यावर फार उपकार आहेत, कारण जिन्यात कुणी भेटलंच तर ‘रक्त तपासायला आलो होतो’ हे उत्तर तयार असतं. दिवाळी झाली की शनिवारी संध्याकाळी साडेपाच ते सात, बारा आठवडे चालणारा हा बंद गट होता. बंद म्हणजे एकदा सुरू झाला की मध्येच नवा माणूस घ्यायचा नाही. दीड तास ही वेळ बहुतेक ठिकाणी असते आणि तिला कारण आहे. पार्किंग, ट्रॅफिक, घरची भांडणं मागे टाकून माणूस खोलीत यायलाच पंधरा-वीस मिनिटं जातात, आणि दीड तासाच्या पुढे माणसं थकतात, मग बोलणं ऐकलं जात नाही.

आम्ही दोघं गट चालवतो: मी आणि माझा एक तरुण सहकारी. एकाचं लक्ष बोलणाऱ्याकडे असलं तर दुसऱ्याचं न बोलणाऱ्यांकडे असावं, हा त्यामागचा साधा हिशेब.

सुरुवातीला आठ जण होते. निफाड तालुक्यातले एक द्राक्ष बागायतदार, वय चोपन्न. त्यांना सगळे ‘काका’ म्हणायला लागले. दोन वर्षं अवकाळीनं बाग गेली, सोसायटीचं कर्ज थकलं, आणि आभाळ भरून आलं की छातीत धडधड सुरू व्हायची, रात्र रात्र डोळा लागत नसे. मानसोपचारतज्ज्ञांची गोळी चालू होती, आणि मुलगाच त्यांना गाडीवर घेऊन आला होता. बँकेत काम करणाऱ्या अडतीस वर्षांच्या ताई. नैराश्याचे उपचार दीड वर्षं चालू, नवऱ्याला माहीत होतं, पण गोळ्यांचं पाकीट मसाल्याच्या डब्यामागे, कारण सासूबाईंना कळू द्यायचं नव्हतं. सातपूरच्या एका कारखान्यात सीएनसी मशीनवर काम करणारा एकोणतीस वर्षांचा ऑपरेटर, ज्याला द्वारकेच्या उड्डाणपुलावर बाइक चालवताना एकदा पॅनिक अटॅक आला आणि मग तो पूलच सुटला. निवृत्त शिक्षिका, ज्यांचे यजमान जाऊन वर्ष होऊन गेलं होतं. त्यांना अर्थातच ‘बाई’. घरून काम करणारा सव्वीस वर्षांचा मुलगा, चार माणसांत बोलायची वेळ आली की हात गार पडणारा. स्पर्धा परीक्षेचा तिसरा प्रयत्न हुकलेली एक मुलगी. सिडकोतल्या एक गृहिणी. आणि एक गृहस्थ, जे दुसऱ्या सत्रानंतर आले नाहीत. ‘इथे कुणी उपाय सांगतच नाही’ ही त्यांची तक्रार होती, आणि ती खरी होती. पहिल्या काही सत्रांत एखाद-दुसरा माणूस गळतो. त्याचं कारण विचारायला आम्ही एक फोन करतो, आग्रह करत नाही.

प्रत्येकाला गटात घेण्याआधी एकेकट्याला भेटतो. ही भेट म्हणजे परीक्षा नव्हे, पण चाळणी आहे हे कबूल. सध्या जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार जोरात असलेला माणूस, भास-भ्रम चालू असलेला माणूस, किंवा पिऊन येण्याची शक्यता असलेला माणूस अशा गटात घेत नाही. त्याला आधी वेगळी आणि तातडीची मदत लागते. गोळ्या चालू असतील तर त्या चालूच ठेवायच्या. गटात आलं की औषध सुटतं असा एक समज आहे, तो या भेटीतच काढावा लागतो. शेवटी एक कागद हातात देतो. त्यावर सत्राच्या वेळा, न येण्याचं आधी कळवणं, फोन बंद ठेवणं, आणि मधल्या आठवड्यात रात्री-अपरात्री फारच असह्य झालं तर कुणाला फोन करायचा हे लिहिलेलं असतं. तिथे आम्ही १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक छापतो. केंद्र सरकारची ही सेवा २०२२ मध्ये सुरू झाली, फोन मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

त्याच कागदावर गुप्ततेचा नियम आहे. तो समजावताना मी एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याच्या कलम २३ नुसार उपचार घेणाऱ्याची माहिती गुप्त राखणं हे उपचार करणाऱ्यांचं कर्तव्य आहे. कुणाच्या जिवाला धोका असेल तर किंवा न्यायालयाचा आदेश असेल तर, असे ठरावीक अपवाद सोडून. मी त्या कायद्यानं बांधलेली आहे. शेजारच्या खुर्चीवरचा माणूस नाही. तो फक्त शब्दानं बांधलेला आहे. एकट्यानं घ्यायच्या समुपदेशनात आणि गटात हा मोठा फरक आहे, आणि तो लपवून माणसं गोळा करणं मला पटत नाही.

नियमाचं शेवटचं वाक्य होतं: ‘गटातील व्यक्ती बाहेर भेटल्यास आपणहून ओळख दाखवू नये.’ सगळ्यांनी वाचलं, सगळ्यांनी मान हलवली, सगळ्यांनी सही केली.

पहिली चार सत्रं

यांच्याबद्दल थोडक्यातच. पहिल्या सत्रात सगळे माझ्याकडे बघून बोलतात. शेजारी बसलेल्याला सांगायचं तेही मला सांगतात, वर्गात मास्तरांना सांगावं तसं. प्रत्येकाला बोलायला लावायचं असा काही दंडक नाही. घरून काम करणारा मुलगा पहिली चार सत्रं नाव सांगण्यापलीकडे एक शब्द बोलला नाही, आणि ते चाललं.

दुसरी गोष्ट, आणि ही आपल्याकडे फार ठळक दिसते, ती म्हणजे सल्ला. कुणी आपलं दुखणं अर्धं सांगतो न सांगतो तोच तीन जण तोडगा काढतात. नाशिकमध्ये तर तोडग्यांची ददात नाही. ‘इगतपुरीला दहा दिवस विपश्यना करून या.’ ‘त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी केला का?’ ‘सकाळी गोदाघाटावर चालायला जात जा.’ यातलं काहीही वाईट नाही. गटातल्या दोघांनी विपश्यना केलेलीही होती. पण सल्ला देणारा त्या क्षणी बहुतेक वेळा स्वतःचीच अस्वस्थता मिटवत असतो. समोरच्याचं रडणं थांबावं म्हणून तो बोलतो. आम्ही सल्ल्याला बंदी घालत नाही. एवढंच विचारतो, ‘त्या बोलत होत्या तेव्हा तुम्हाला स्वतःला काय होत होतं?’ या प्रश्नाला उत्तर द्यायला लागलं की गट सुरू झाला असं मी समजते.

तिसऱ्या सत्रात ऑपरेटरनं उड्डाणपुलाची गोष्ट सांगितली आणि काका म्हणाले, “अरे, मला ढग आले की हेच होतं. मला वाटायचं हार्टच गेलं.” दोघांनी दोनदा ईसीजी काढला होता. दोन्ही वेळा नॉर्मल. खोलीत पहिल्यांदा हसू फुटलं ते तेव्हा. आपल्यासारखं दुसऱ्यालाही होतं हे कळणं, हा गटाच्या परिणामातला एक मूळ घटक आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ अर्विन यालोम यांनी असे अकरा घटक मांडले, त्यात हा आहे. पण त्यांचा खरा भर होता तो दुसऱ्या एका गोष्टीवर: माणूस बाहेरच्या जगात जसा वागतो तसाच तो काही आठवड्यांत गटातही वागू लागतो, आणि इथे ते वागणं थांबवून बघता येतं. चौथ्या सत्रापर्यंत आमच्या गटात हे घडलं नव्हतं. सगळे सगळ्यांशी फार छान वागत होते.

लॉन्समध्ये

तुळशीचं लग्न लागलं की नाशिकची लॉन्स भरतात. चौथ्या आणि पाचव्या सत्राच्या मध्ये गंगापूर रस्त्यावरच्या एका लॉन्समध्ये एक लग्न होतं. मुलीकडून काका, मुलाकडून बँकेतल्या ताई. अक्षता पडल्या, पंगतीकडे लोक निघाले, आणि काकांना ताई दिसल्या.

काकांना मनापासून आनंद झाला. ते गर्दीतून वाट काढत गेले, हात जोडले आणि म्हणाले, “ताई, कशी आहे तब्येत? झोप लागते का आता?”

ताईंच्या एका बाजूला सासूबाई, दुसऱ्या बाजूला जाऊ. सासूबाईंनी विचारलं, “कोण गं हे?”

“बँकेचे ग्राहक आहेत,” ताई म्हणाल्या, आणि तोंड फिरवून हात धुवायला निघून गेल्या. काका हात जोडलेले तसेच उभे.

ग्राहक बँकेतल्या बाईला झोप लागते का असं का विचारेल, हा प्रश्न जाऊबाईंना पडलाच. गाडीत बसल्यावर त्यांनी तो विचारला.

फोन

सोमवारी ताईंचा फोन आला. त्या रागात नव्हत्या, थंड होत्या. “मी आता येणार नाही. तुम्ही बाकीच्यांना काहीही सांगा.”

यावर आमची पद्धत ठरलेली आहे. गट सोडायचा हक्क प्रत्येकाला आहे. पण सोडायचा असेल तर एकदा येऊन, सगळ्यांसमोर सांगून सोडावा, अशी विनंती आम्ही पहिल्याच भेटीत करून ठेवतो. मी तीच आठवण करून दिली. शिवाय सांगितलं की लॉन्समधला प्रसंग मी फोनवर मिटवणार नाही. काकांना परस्पर फोन करून समजही देणार नाही. गटातल्या दोन माणसांमधली गोष्ट एकदा आमच्यामार्फत खासगीत फिरायला लागली की मग गटात बोलायला काही उरत नाही; जे ते आम्हाला गाठून आपापलं गाऱ्हाणं घालतं.

“म्हणजे मी परत त्यांच्या समोर येऊन बसू?” त्यांनी विचारलं.

“यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. खुर्ची मात्र मी ठेवणार आहे.”

कुणाला ही सक्ती वाटेल. मला तशी ती वाटत नाही. ज्या माणसाला आयुष्यभर न बोलता बाजूला होण्याची सवय आहे त्याला गटातूनही न बोलता बाजूला होऊ देणं म्हणजे आजाराला हातभार लावणं आहे. ताईंचं नैराश्य बऱ्याच अंशी याच सवयीत मुरलेलं होतं. मात्र त्यांच्या घरी आता नेमकं काय चाललंय, काही धोका आहे का, हे मी त्या फोनवर नीट विचारून घेतलं. ते विचारल्याशिवाय बाकी सगळ्या तत्त्वांना अर्थ नाही.

पाचवं सत्र

ताई आल्या. पाच मिनिटं उशिरा, दाराजवळच्या खुर्चीवर. काका त्यांच्या समोरच, फवारणी आटोपून थेट आलेले. त्या आठवड्यात पाऊस शिंतडला होता आणि डावणीची, म्हणजे द्राक्षावरच्या बुरशीरोगाची, भीती होती.

सुरुवातीची शांतता बरीच लांबली. नवख्या माणसाला अशी शांतता असह्य होते, आणि आपणच काहीतरी बोलायला हवं असं वाटतं. बोलायला हवं असं काही नाही. आम्ही दोघंही बोललो नाही. ऑपरेटरनं शिफ्ट बदलल्याचं काहीतरी काढलं, ते दोन वाक्यांत विझलं. मग ताई म्हणाल्या, “मला आज शेवटचं यायचं होतं, म्हणून आले.” आणि त्यांनी लॉन्समधली हकिगत सांगितली. आवाज न चढवता, तारखेसकट, बँकेत तक्रार नोंदवावी तशी.

काकांचा चेहरा लाल झाला. “आम्ही खेड्यातली माणसं,” ते म्हणाले. “आमच्यात समोर माणूस दिसला आणि बोललं नाही तर तो अपमान समजतात. मी काय वाईट विचारलं? झोपेचंच विचारलं ना?” आणि ते उठले. दार ताईंच्या खुर्चीशेजारीच होतं, त्यामुळे जायचं तर त्यांच्यासमोरून जावं लागणार होतं. ते तिथेच घुटमळले.

आणि बाई मध्ये पडल्या. “जाऊ दे आता, झालं गेलं गोदेला मिळालं. दोघंही चांगली माणसं आहात. काका, बसा. ताई, त्यांनी मुद्दाम केलं का?”

या वाक्यानं भांडण मिटलं असतं. पुढची सात सत्रं सगळे छान वागले असते. माझ्या सहकाऱ्यानं अगदी हळू विचारलं, “बाई, हे लवकर मिटावं असं तुम्हाला फार वाटतंय का?”

बाई जरा गोंधळल्या. मग म्हणाल्या, “मिटवायलाच लागतं ना कुणीतरी.” थांबून, “आमच्याकडे मीच मिटवायचे. ह्यांचं आणि मुलाचं. बारा वर्षं. आता हे नाहीत, तर मुलगा फोन पण करत नाही. मिटवायला काही राहिलंच नाही.” आणि यजमान गेल्याचं चार सत्रं कोरडेपणानं सांगणाऱ्या बाई पहिल्यांदा रडल्या. सिडकोतल्या ताईंनी टिश्यूचा डबा पुढे सरकवला. त्याआधी त्यांनी माझ्याकडे बघितलं, परवानगी मागावी तसं. परवानगी लागत नाही.

काका बसले होते. कधी बसले ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मी काकांना विचारलं, “ताईंनी तोंड फिरवलं तेव्हा तुम्हाला काय वाटलं?”

“वाटलं काय! अपमान झाला.”

“आणि त्याच्या मागे?”

बराच वेळ गेला. “मला वाटलं, हिला माझी लाज वाटते. वेड्यांच्या शाळेतला माणूस म्हणून. चार माणसांत माझ्या कपाळावर लिहिल्यासारखं झालं. घरी गेलो तर कारभारीण विचारते, जेवला का नाही. काय सांगू?”

ताई आतापर्यंत पर्सच्या चेनशी खेळत होत्या. त्या म्हणाल्या, “काका, मला तुमची लाज वाटली नाही. तुम्ही झोपेचं विचारलंत आणि माझं बिंग फुटलं असं वाटलं. सासूबाईंच्या बहिणीच्या सुनेला माहेरी पाठवलं होतं त्यांनी, ‘डोक्याची’ म्हणून. मी त्या घरात राहते.”

“मला काय माहीत, ताई.”

“तुम्हाला माहीतच नव्हतं. मी सांगितलंच नव्हतं.”

ती गोष्ट गटात कुणालाच माहीत नव्हती, आम्हालाही नाही. चार सत्रं ताई ‘कामाचा ताण’ एवढंच बोलल्या होत्या.

आणि इथे घरून काम करणारा मुलगा बोलला. मान खाली, पण सलग. “मी ओळखीचं कुणी दिसलं की रस्ता बदलतो. मुद्दाम नाही. पण त्यांना वाटत असेल मी माज करतो. काकांना वाटलं तसं वाटत असेल. मी कधी त्या बाजूनं विचारच केला नव्हता.”

काका त्याच्याकडे वळून म्हणाले, “अरे बोलतोस की तू!” सगळे हसले, तो सुद्धा. हे काकांनी म्हणायला नको होतं असं माझा सहकारी नंतर म्हणाला. त्याच्या मते मुलगा त्यानं पुन्हा मिटला असता. मला तसं वाटत नाही. इतक्या मायेनं कुणी कान पकडला तर माणूस मिटत नाही, उलट सैल होतो. आमचं यावर अजूनही एकमत नाही.

सात वाजले. ठरलेल्या वेळेला थांबायचं, हाही नियम. रंगात आलेलं बोलणं वेळेवर तोडणं लोकांना निर्दय वाटतं, पण दाराबाहेर मुलं-नवरे गाड्या घेऊन थांबलेले असतात, आणि वेळ पाळली गेली की पुढच्या शनिवारी हीच खोली पुन्हा मिळणार आहे हा विश्वास बसतो. ताईंनी निरोप घेतला नाही. पुढच्या वेळी येईन असंही म्हणाल्या नाहीत. आल्या.

नियमाचं काय केलं

सहाव्या सत्राचा मोठा भाग एका वाक्यावर गेला: ‘बाहेर भेटल्यास आपणहून ओळख दाखवू नये.’ हे वाक्य कागदावर बिनचूक आहे. निफाडच्या माणसाच्या दृष्टीनं ते अशक्य आहे. त्याच्या गावात रस्त्यानं जाणाऱ्याला ‘काय पाव्हणं, कुणीकडं?’ विचारणं हा शिष्टाचार, आणि न विचारणं हा उद्धटपणा. त्यानं सही केली तेव्हा खोटं बोलला असं नाही. त्याला वाटलं, हे गप्पा मारू नका म्हणून आहे. हातसुद्धा जोडायचे नाहीत असं कुणी लिहील हे त्याच्या मनातही आलं नसणार.

गटानं मग एकेकाला विचारलं: तुम्ही बाहेर दिसलात तर काय चालेल? उत्तरं एकसारखी येतील असं मला वाटलं होतं, तशी ती आली नाहीत. ऑपरेटर म्हणाला, कंपनीच्या गेटवर सोडून कुठेही हाक मारा. बाई म्हणाल्या, खुशाल बोला, मला तर बरंच वाटेल. परीक्षा देणारी मुलगी म्हणाली, मान हलवली तरी नको, आई शंभर प्रश्न विचारते. मुलगा म्हणाला, मीच आधी बोललो तर बोला. मला सराव होईल. काका म्हणाले, मला कुणी न बोलता गेलं तर राग येतो, पण आता कळलं का ते, चालवून घेईन. आणि ताई म्हणाल्या, “नमस्कार चालेल. तब्येत विचारू नका.”

एवढ्यानं भागलं नाही. सिडकोतल्या ताईंनी विचारलं, सोबतच्या माणसानं ‘कोण हे?’ विचारलं तर काय सांगायचं? खोटं बोलायचं का? यावर चांगलाच वाद झाला. ‘एका कार्यक्रमात भेटलो होतो’ हे खरंही आहे आणि काही उघडही करत नाही, यावर बहुतेकांचं जमलं. बाईंना मात्र ते पटलं नाही. त्यांच्या मते अर्धवट खरं सांगण्यापेक्षा ‘ओळखीचे आहेत’ म्हणून विषय बदलावा. दोन्ही उत्तरं ठेवली.

हे सगळं शनिवारच्या मोलाच्या दीड तासातून गेलं आणि तो वेळ वाया गेला असं मला वाटत नाही. आपल्याला काय चालतं आणि काय चालत नाही हे दुसऱ्याला तोंडावर, न भांडता सांगणं. हेच तर ताईंना घरी जमत नव्हतं. त्या संध्याकाळी त्यांनी ते सात माणसांच्या वर्तुळात केलं, आणि आभाळ कोसळलं नाही.

गटोपचार म्हणजे सत्संग नव्हे, व्याख्यान नव्हे, हे आम्ही सांगतोच. पण दुसरी एक गल्लत जास्त होते. आपल्याकडे ‘गट’ म्हटलं की व्यसनमुक्तीचा गट डोळ्यांपुढे येतो. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या (एए) सभा गावोगावी आहेत, पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून काम करतंय, त्यामुळे हे स्वाभाविक आहे. एएच्या सभेत सगळे समदुःखी असतात, उपचार करणारा कुणी नसतो, एक जण अनुभव सांगतो तेव्हा बाकीचे मध्ये बोलत नाहीत. त्या शिस्तीनं लाखो माणसं सावरली आहेत. आमच्या प्रकारच्या गटात उलट आहे: मध्ये बोलायचं असतं, एकमेकांबद्दल काय वाटलं ते एकमेकांना सांगायचं असतं, आणि ते बिघडलं तर सावरायला प्रशिक्षित माणूस बसलेला असतो. १९०५ मध्ये बॉस्टनच्या जोसेफ प्रॅट या डॉक्टरांनी क्षयरोग्यांचे वर्ग भरवले तिथून गटोपचाराचा इतिहास सांगतात. त्यांचा हेतू फक्त आरोग्याचं शिक्षण देण्याचा होता. माणसं एकमेकांमुळे सुधारताहेत हे त्यांना हळूहळू दिसत गेलं. असो.

पुढची सत्रं आणि शेवट

सातव्या ते दहाव्या सत्रांत नाट्य काही नाही. कामं झाली. ऑपरेटर आधी दुसऱ्या कुणाच्या मागे बसून आणि मग स्वतः चालवून द्वारकेचा पूल ओलांडून आला. हा सराव त्याच्या एकट्यानं घेतलेल्या सत्रांमध्ये ठरला होता, पण ‘पुढच्या शनिवारी सांगायचंय’ या दडपणाचा उपयोग झाला असं तो म्हणतो. बाईंनी मुलाला फोन केला. संभाषण चार मिनिटांचं आणि हवापाण्याचं झालं. काका एका शनिवारी आले नाहीत, कारण पाऊस आला आणि फवारणी सोडून येणं शक्य नव्हतं. आधी कळवलं होतं. गटानं त्यांची खुर्ची रिकामी ठेवली आणि त्यांच्या बागेबद्दल काळजी केली. पुढच्या वेळी हे ऐकून ते काही बोलले नाहीत, चष्मा पुसत बसले.

अकराव्या सत्रात त्यांनी प्रत्येकाच्या घरी द्राक्षांची पेटी पाठवायची तयारी दाखवली. पत्ते मागितले. आणि मग स्वतःच थांबून ताईंकडे बघून म्हणाले, “नको. घरी पेटी गेली तर कोण पाठवतं म्हणून विचारतील.” आमच्यापैकी कुणीही काही न सांगता. पाचव्या सत्रात जे झालं त्याचा परिणाम मोजायला माझ्याकडे याहून चांगलं माप नाही. प्रश्नावल्या आम्ही भरून घेतो: नैराश्यासाठी पीएचक्यू-९, जिचे गुण ० ते २७ असतात, आणि चिंतेसाठी जीएडी-७, जिचे ० ते २१. गुण जास्त म्हणजे त्रास जास्त. बहुतेकांचे गुण उतरले; परीक्षा देणाऱ्या मुलीचे उतरले नाहीत, आणि तिच्यासाठी एकट्यानं घ्यायची सत्रं पुढे सुरू ठेवली. तुलनात्मक अभ्यासांत गटातले आणि एकट्यानं घेतलेले उपचार अनेक त्रासांसाठी साधारण सारखाच परिणाम देतात असं दिसतं. पण म्हणून प्रत्येकाला प्रत्येक वेळी गट पुरतोच असं नाही.

ताईंनी सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. जाऊबाईंना सांगितलं. गाडीतला तो प्रश्न तसाच लोंबकळत ठेवण्यापेक्षा बरं, म्हणून. जाऊबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मला वाटलंच होतं.” आता गोळ्या मसाल्याच्या डब्यामागे नसतात, जाऊबाईंच्या कपाटात असतात. सुधारणा आहे की लपवायची नवी जागा, यावर गटात दोन मतं पडली आणि ताईंनी दोन्ही हसत ऐकून घेतली.

काकांना गारपिटीचा अंदाज आला की आजही झोप येत नाही. कर्ज आहे तिथेच आहे. ते गटानं फिटणारं नव्हतं. पण छातीत धडधडलं की ते आता ईसीजीला धावत नाहीत, आणि कारभारणीला सांगतात.

पुढच्या गटाच्या कागदावरून ते शेवटचं वाक्य आम्ही काढून टाकलं. त्या जागी आता दोन रिकाम्या ओळी आहेत: ‘मी बाहेर भेटलो/भेटले तर...’ आणि ‘सोबतच्यांनी विचारलं तर...’ पहिल्या सत्रात प्रत्येकानं आपापल्या ओळी भरायच्या आणि मोठ्यानं वाचायच्या. अर्धा तास त्यात जातो. नव्या गटातल्या पहिल्याच माणसानं वाचलं, “मी भेटलो तर चहा पाजा,” आणि लगेच शेजारच्या बाई म्हणाल्या, मला नाही चालणार.